मान वळवलेला घोडेस्वार

बावीस वर्षांपूर्वी पाहिलेले ते चित्र मला अर्धेच आठवत होते: निळा घोडा दौडत निघालेला आणि स्वाराची मान मात्र मागे वळलेली. कोठे पाहिले, कोणी काढले, काही स्मरत नव्हते. माझी मुलगी सुलक्षणा लहानपणापासून त्याचे वर्णन ऐकत आली होती. आता तिचे लग्न आठ दिवसांवर आले असता धुळ्याच्या आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर तेच चित्र हवे, असा तिने हट्ट धरला.

मी जुन्या चित्रशैलींचे ग्रंथ उपसले. वळलेल्या मानेत विरह आहे, अर्थात चित्र दरबारी असले पाहिजे, असे माझे अनुमान होते.

"दरबारी कसलं, दाजी?" मेहुणा योगराज म्हणाला. "साक्रीकडच्या लग्नात मांडवाशेजारच्या भिंतीवर होतं. भिकननानांनी रंगवलेलं. तुम्ही पंगत सोडून तिथंच उभे होतात."

तासभर वाद घालून मी साक्रीची बस धरली.

ती भिंत पुढच्या लग्नात पुन्हा रंगली होती; नाना मात्र ओट्यावर भेटले. विरहाविषयी विचारताच ते हसले.

"विरह कसाना, भाऊ? चूक व्हयनी ती. घोडा दारकडे पाठ करीसन काढी टाका व्हता. मालक बोलना, नवरदेवनं तोंड दारकडेच पाहिजे. बठ्ठं चित्र पुसाले येळ नव्हता, मंग नुसती मान फिराई दिधी."

"आणि निळा रंग?"

"तोच डबा उरेल व्हता."

"माझ्या भिंतीवर तसेच काढा."

"जाणीसन चूक करू? लोके म्हनतीन, नाना म्हातारा व्हयना."

मी युक्तिवाद मांडला: त्यांनी घोडा उलट काढावा, मालक या नात्याने मी हरकत घ्यावी, हरकतीनंतर वळवलेली मान ही चूक नव्हे, दुरुस्ती होय.

"हरकत खरी पाहिजे," नानांनी बजावले. "नाटक चालाव नही."

गुरुवारी नाना आले. दुपारपर्यंत निळा घोडा भिंतीवर उभा राहिला आणि माझ्या दाराकडे पाठ करून, फेटा मिरवीत, नवरदेव खुशाल निघून चाललेला दिसला. हरकतीचे मनाशी ठरवलेले वाक्य मी विसरलो.

"नाना, हा निघाला कुठे? मुलगी घरात आहे ना!"

"आते खरी हरकत उनी," म्हणत नानांनी फेट्याखालचा चेहरा पुसायला घेतला.