उल्हाससानच्या कमरेची चाचणी

उल्हास परचुऱ्यांच्या पोटाबद्दल नागोयातल्या ऑफिसात आजवर कोणी चकार शब्द काढला नव्हता. जपानी माणूस तुमच्या पोटाकडे बघेल, मान तुकवेल आणि हवेबद्दल बोलेल. त्यामुळे सेक्शनप्रमुख मोरीसान सकाळच्या मीटिंगमध्ये लाल होत, अडखळत म्हणाले, "उल्हाससान, आपली शरीरयष्टी... म्हणजे... अमेरिकन ग्राहकाच्या बरीच जवळची आहे," तेव्हा हा गौरव आहे की अपमान, तेच परचुऱ्यांना कळेना.

कंपनी मोटारींच्या सीटा बनवायची आणि परचुरे पुण्याहून तिथे बसायलाच आले होते. हसू नका, हेही काम असतं. सीट कुठे टोचते, कुठे रुतते, हे मशीनच्या आधी त्यांच्या पाठीला कळायचं. आता अमेरिकेतून तक्रार आली होती. टेक्सासकडचे बरेच लोक शर्टाखाली कमरेला पिस्तूल लावून गाडी चालवतात आणि सीटची उंच कड नेमकी त्या पिस्तुलावर दाबते. तेव्हा आधी त्यातल्या त्यात आरामाची खोळ, म्हणजे होल्स्टर, निवडायची आणि मग तिच्याभोवती सीट बेतायची.

चौकीतल्या पोलिसाच्या कमरेखेरीज पिस्तूल त्या खोलीत कोणी पाहिलेलंच नव्हतं. अखेर कुणीतरी हळूच विचारलं, "गाडी चालवताना ते काढून का नाही ठेवत?" प्रश्न इतका रास्त होता की त्याचं उत्तर कोणालाच देता येईना.

अंदोसान नावाच्या सहकारी बाईंनी खेळण्यातल्या पिस्तुलांच्या दुकानातून तऱ्हेतऱ्हेच्या खोळी आणल्या. पिस्तूल मात्र रेझिनचं केलं, आत शिसं भरून खऱ्याइतकं जड आणि वरून पांढरंशुभ्र, म्हणजे कोणी घाबरायला नको. ते ऑफिसच्या दाराबाहेर न्यायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. परचुऱ्यांनी आयुष्यात झुरळ मारलं होतं तेही बायकोने ओरडून सांगितल्यावर. आता ते कमरेला पिस्तूल लावून दिवसभर बसणार होते.

घरी हे ऐकून सुप्रभाताई आधी पोट धरून हसल्या. पण हसू ओसरलं आणि गाडी रोजच्या रुळावर आली.

"राजसचा फोन आला?"

"नाही अजून."

"तो काहीतरी लपवतोय. मी सांगते तुम्हाला."

राजस हा त्यांचा एकुलता एक मुलगा, ह्यूस्टनला नोकरी करणारा. गेल्या दिवाळीनंतर पोरगं पार बदललं होतं. फोन केला की दोन मिनिटांत "ठेवतो". अचानक घर बदललं, कारण विचारलं तर "असंच". नागोयाला यायचं तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. ताकास तूर लागू देत नव्हता. सुप्रभाताईंना वाटे, एखादी मुलगी असेल. परचुऱ्यांना वाटे, नोकरी गेली असेल. दोघांनाही जे खरं वाटत होतं ते दोघंही बोलत नव्हते: पोरगं कसल्यातरी संकटात आहे आणि आपण समुद्रापलीकडे बसलोय.

"तुम्ही बाप आहात. काढून घ्या त्याच्याकडून," ताईंनी बजावलं. परचुऱ्यांनी कबूल केलं, पण कसं काढायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

इकडे चाचणी सुरू झाली आणि गोंधळ वाढतच गेला. काखेत लटकणारी खोळ लावली, तर सीटबेल्ट कुठून घ्यावा कळेना. घोट्याला बांधायची बांधली, तर ब्रेक दाबताना ती पेडलला अडकली. पोटाला गुंडाळायचा रुंद पट्टा होता, तो बघून त्यांना सुप्रभाताईंचा बाळंतपणानंतरचा पोटपट्टाच आठवला, आणि तो लावून दुपारपर्यंत ते घामाने निथळले. पुढे, बेंबीच्या बाजूला खोचायची खोचली, तर वाकल्याबरोबर पिस्तुलाची मूठ बरगडीत रुतली आणि "आई गं" असं निखळ मराठीत बाहेर पडलं. मोरीसाननी त्याचीही नोंद घेतली.

"आराम किती वाटला?" अंदोसान दर तासाला विचारत. परचुऱ्यांची पंचाईत व्हायची. सीटचा आराम त्यांना कळायचा. बसलेल्या माणसाला सीटचा विसर पडला की ती चांगली. पण हे असलं लटांबर कमरेला लावून माणसाने आराम का शोधावा, हेच त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. जे टोचलंच पाहिजे ते टोचू नये म्हणून आपण पगार घेतोय की काय!

शेवटी त्यांना युक्ती सुचली. पोराशी बोलायला निमित्तही मिळेल आणि काम पण होईल. सकाळी ऑफिसला निघण्याआधी त्यांनी ह्यूस्टनला फोन लावला.

"राजस, तुझ्या ऑफिसात कोणी पिस्तूल बाळगणारा असेल ना? जरा विचारून सांग. गाडीत बसताना कुठली खोळ बरी पडते?"

मग राजस बोलायला लागला, आणि गेल्या कित्येक महिन्यांत बोलला नव्हता इतकं बोलला.

"पुढे नका लावू, बाबा. तुमचं पोट आहे, वाकलात की रुतणार. उजव्या बाजूला घ्या, कमरेच्या हाडाच्या जरा मागे, पँटच्या आतून. मूठ किंचित पुढे झुकवायची, म्हणजे शर्टातून दिसत नाही. आणि साधा बेल्ट नको, तो वजनाने लोंबतो. जाड घ्या. पँट एक साइज मोठी घ्या. सुरुवातीला कातडी सोलवटते तिथली, आतून बनियन ठेवा. मग घट्टा पडतो, काही वाटत नाही."

"शाब्बास!" परचुरे खूश झाले. "बरीच माहिती आहे रे तुला!"

"हां... म्हणजे... ऐकलंय. ठेवतो, बाबा."

परचुरे आनंदातच स्टेशनवर गेले. पोरगं मोकळं बोललं, हे सुप्रभाला सांगायला हवं. मेट्रो आली, जागा मिळाली, ते बसले. उजव्या बाजूला हात गेला आणि कालच्या चाचणीने दुखणारी जागा त्यांनी चोळली. कातडी सोलवटते. घट्टा पडतो. विचारून सांग म्हटलं होतं, आणि याने कुणालाच विचारलं नव्हतं. ऐकीव माहितीत बनियन कुठून येईल? पोरगं काय लपवतंय ते त्यांना कळलं होतं, आणि कळून काहीच कळलं नव्हतं. का? कोणाच्या भीतीने? उतरायचं स्टेशन मागे गेलं, ते पार पुढच्या स्टेशनवर भानावर आले.

ऑफिसात त्यांनी खोळ राजसने सांगितली तशीच लावली. जाड बेल्ट, हाडामागे, मूठ पुढे झुकवून. आणि काय सांगावं, सुरेख बसली. इतकी की दुपारी ते कमरेवरच्या पांढऱ्या पिस्तुलासकट कँटीनच्या रांगेत उभे राहिले आणि करी-राइसचा ट्रे उचलताना शर्ट वर गेला. अंदोसाननी धावत येऊन आपला स्वेटर त्यांच्या कमरेभोवती गुंडाळला.

"विसरलात?" मोरीसाननी विचारलं.

"विसरलो," परचुरे शरमून म्हणाले.

मोरीसानच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. त्यांनी वाकून अभिनंदन केलं. विसर पडला म्हणजे पैकीच्या पैकी गुण! अंदोसाननीही टाळ्या वाजवल्या. मधे उभ्या परचुऱ्यांना वाटलं, इथेच खाली बसावं आणि भोकाड पसरावं. अर्ध्या दिवसात आपल्याला जे विसरता आलं, ते आपलं पोर दिवसभर विसरून हिंडतंय.

आता सीटच्या कडेचा फोम किती कापायचा, एवढंच त्यांनी सांगायचं उरलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली. फोम कापला तर पिस्तूल बाळगणाऱ्यांची सोयच सोय. नाही कापला तर ते टोचेल, आणि टोचलं तर कदाचित राजस ते घरी ठेवेल. ठेवेल का? की वाकडा बसेल आणि पाठ मोडून घेईल? त्यांनी मोरीसानकडे सोमवारपर्यंत वेळ मागितला. सुप्रभाताईंना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांनाच अर्धं कळलं होतं.

रविवारी सकाळी राजसचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. तो आपल्या घरात, सोफ्यावर बसला होता. मागे बंद दार दिसत होतं. सुप्रभाताई फोनला चिकटून जेवणाखाणाचं विचारत होत्या आणि परचुरे मागून बघत होते. राजस डाव्या बाजूवर कलून बसला होता. बोलता बोलता त्याने उजवी मांडी किंचित उचलली, पुन्हा टेकवली, मग पाठ सोफ्यापासून जराशी सुटी केली. असं कोण बसतं, कशामुळे बसतं, हे नागोयात परचुऱ्यांइतकं कोणाला ठाऊक असणार? घरात. आपल्या घरात, दार लावून, आईशी बोलताना.

"राजस," ते म्हणाले, "काढून ठेव ते."

सुप्रभाताईंनी वळून पाहिलं. राजस हलला नाही. त्याचा चेहरा लहानपणी चोरी पकडली गेल्यावर व्हायचा तसा झाला, आणि मग तसाही राहिला नाही.

"बाबा, मी..."

"नंतर सांग. आधी काढून ठेव. त्या सोफ्यावर तुला धड बसता येत नाहीये."

राजस उठला. पडद्यावर नुसता सोफा उरला. पलीकडे कुठेतरी कप्पा उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. सुप्रभाताईंनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. "काय काढायला सांगितलंत? अहो, काय आहे त्याच्याकडे?" परचुऱ्यांनी स्वतःच्या कमरेकडे बोट दाखवलं. ताईंना सगळं समजलं.

राजस परत आला, शर्ट बाहेर लोंबत होता. या वेळी तो पाठ टेकून बसला, आणि पाठ टेकल्याबरोबर त्याला रडू फुटलं. मग त्याने सांगितलं. दिवाळीनंतर एका रात्री पेट्रोल भरताना दोघांनी त्याच्या मानेला पिस्तूल लावून गाडी नेली होती. आई-बाबा घाबरतील म्हणून बोलला नव्हता. घर त्यासाठीच बदललं होतं. नागोयाचं तिकीटही त्यासाठीच रद्द केलं. हे विमानातून नेता येत नाही आणि याच्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकवत नाही.

"आता तरी भीती कमी झाली का रे?" परचुऱ्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. वाढलीय."

परचुऱ्यांनी मनाशी ठरवलं की उद्या मोरीसानना फोम कापायला सांगायचा, भरपूर कापायला सांगायचा. पोरगं घाबरलेलं आहे ते आहेच, त्यात आणखी पाठ कशाला दुखवायची. त्यांना स्वतःचाच राग आला, कीवही आली.

सुप्रभाताईंनी डोळे पुसले आणि फोन भिंतीला टेकवून ओट्यावर नीट उभा केला.

"दार लावलंयस ना?"

"लावलंय, आई."

"मग झोप जरा. इथेच, सोफ्यावर. फोन राहू दे चालू. आम्ही बघतोय दाराकडे."

राजस हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याने पाय वर घेतले आणि कुशीवर वळला, उजव्या कुशीवर. ताईंनी गॅस पेटवून कुकर लावला, शिट्टी मात्र काढून ठेवली. आणि परचुरे खुर्ची ओढून फोनसमोर बसले, ह्यूस्टनच्या त्या बंद दाराकडे बघत.