लिहिलेल्या लांडग्याचा मोडका पाय

मी एक जुना लांडगा आहे. मित्रांनो, दचकू नका आणि दारंही लावून घेऊ नका. मी खरा लांडगा नाही, लिहिलेला लांडगा आहे. मला दात आहेत ते एका ओळीत आणि शेपूट आहे ती दुसऱ्या ओळीत.

माझा जन्म एका फोनवर झाला. एक मुलगी, तिचा चुलतभाऊ आणि दोघांची आत्या असे तिघं मिळून एक खेळ खेळतात. खेळ सोपा आहे. प्रत्येकाने एक प्राणी व्हायचं, त्या प्राण्याच्या वतीने चार ओळी लिहून तिघांच्या ग्रुपवर टाकायच्या आणि दुसऱ्याने त्याला जोडून पुढचं लिहायचं. मुलगी लांडगा होते, म्हणजे मी. तिचा हा चुलत दादा वरच्या मजल्यावर राहतो, दहावीत आहे आणि कळपाचा सरदार आहे. आत्या अस्वल आहे. लांडग्यांच्या कळपात अस्वलाचं काय काम, हे विचारायची कोणाची छाती होत नाही, कारण ग्रुप तिने काढलाय. आत्या तिकीटखिडकीवर नोकरी करते आणि एका बोटाने लिहिते. तिचं अस्वल रोज कळपाला 'शुभ सकाळ' म्हणतं, सोबत फुलाचं चित्र.

मुलीने मला घडवलं तेव्हा ती पाचवीत होती. माझा एक डोळा निळा आणि एक पिवळा आहे, कारण तिचं ठरेना. वय सात वर्षं. आता ती आठवीत गेली आणि मी अजून सातच वर्षांचा आहे. म्हणून जुना म्हणालो, म्हातारा म्हणालो नाही.

उमेदीच्या काळात माझ्यावर जे जे गुदरलं ते ऐकलंत तर तुमच्या अंगावर काटा येईल. माझ्या अंगावर आला नाही, कारण तसं कोणी लिहिलं नव्हतं. मी कड्यावरून पडलो. रानडुकराने माझं पोट फाडलं. रक्ताच्या थारोळ्यात तर मी इतक्यांदा पडलो की थारोळं हाच माझा कायमचा पत्ता झाला होता. पण आमच्या जंगलात एक मुळी होती. ती डोंगरात उगवते की दलदलीत, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लांडगा जिथे पडेल तिथून हाकेच्या अंतरावर ती उगवलेली असे. अस्वल ती चावून जखमेवर लावी आणि लगेच पुढची ओळ येई: 'दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा लांडगा खडखडीत बरा झाला होता.' मग शिकार, मग लढाई, मग पुन्हा थारोळं.

मला मान होता. "काल काय भारी मेलास तू," असं सरदाराने एकदा लिहिलं होतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी परत जिवंत झालो.

दुखायचं मात्र नाही. लिहिलेल्या जनावराचं असंच असतं. जे लिहिलं तेवढंच त्याला होतं. 'पाय मोडला' असं लिहिलं की पाय मोडतो. पुढे काही लिहिलंच नाही, तर तो मोडका पाय ठणकत नाही, सुजत नाही आणि दाराच्या चौकटीत अडकतही नाही.

त्या घरात एक खरा कुत्रा आहे. रंगाने आणि अंगाने रताळ्यासारखा, म्हणून त्याचं नाव रताळ्या. माझ्या लेखिकेचा त्याच्यावर भारी जीव. एका संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि रताळ्या घरपोच सामान आणणाऱ्या स्कूटरखाली आला. लेखिका धावली. फोन तिच्या खिशात होता, म्हणजे मीही होतो.

तिने गुडघे टेकून त्याचं डोकं मांडीवर घ्यायला हात पुढे केला. माझ्या बाबतीत तिने हे अनेकदा लिहिलं होतं: जखमी लांडगा मैत्रिणीच्या मांडीवर डोकं टेकतो आणि त्याच्या डोळ्यांत कृतज्ञतेचं पाणी तरळतं. रताळ्याने तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला आणि तो फरफटत उभ्या गाडीखाली जाऊन बसला. तो केकाटतही नव्हता. भराभरा धापा टाकत होता, सारखे ओठ चाटत होता आणि त्याचं सगळं अंग थरथरत होतं. शेवटी बाबांनी त्याच्यावर जाड चादर टाकली, तोंड आईच्या ओढणीने बांधलं आणि त्याला इस्त्रीच्या फळीवर सरकवून दवाखान्यात नेलं.

"मला चावला तो," लेखिका म्हणाली. कुत्र्याच्या पायापेक्षा तिला हेच जास्त लागलं होतं.

"चावणारच," डॉक्टरीणबाई रताळ्याची हिरडी अंगठ्याने दाबून बघत होत्या. "एवढं दुखत असलं की समोर कोण आहे ते कळत नाही. तू आधी हात धू. साबण लाव आणि नळाखाली धर बराच वेळ. मग बाबांबरोबर माणसांच्या डॉक्टरकडे जा, इंजेक्शन घ्यावं लागेल."

"मरणार नाही ना हा?"

"हे बघ. हिरडी दाबली की पांढरी, सोडली की लगेच गुलाबी. रक्त नीट फिरतंय. आता पायाचा एक्स-रे फोटो काढू."

मागच्या डाव्या पायाची नडगी मोडली होती. हाडावर धातूची पट्टी बसवून ती स्क्रूने आवळावी लागली. रताळ्याला घरी न्यायच्या दिवशी लेखिकेने विचारलं, "पण बरा होईल ना?"

"होईल. दीड-दोन महिने लागतील. हाड आहे ते, चिकटपट्टी नाही. आणि एक नीट ऐका. पहिला आठवडा सोपा असतो, तो स्वतःच हलणार नाही. पुढे दुखायचं थांबेल. त्याला वाटेल, झालो मी बरा. तुम्हालाही वाटेल. हाड मात्र तेव्हा कच्चंच असतं. तिथे चुकलात, पळू दिलंत, तर पट्टी वाकेल. मग पाय राहीलच असं मी सांगणार नाही."

घरी जेवणाचं टेबल आडवं करून कोपऱ्यात त्याला कोंडवाडा केला. गळ्यात प्लास्टिकचा कर्णा, टाके चाटू नयेत म्हणून. तो कर्णा घरातल्या प्रत्येक चौकटीवर आपटून झाला. अन्नात दडवलेली गोळी रताळ्या स्वच्छ चाटून ताटलीत ठेवायचा. सकाळी बाबा त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला अंगणात उभं धरायचे आणि रताळ्या येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर लाजून काही करायचा नाही. "अरे कर की बाबा," ते म्हणायचे, "मला ऑफिस आहे."

या सगळ्यात मला कोण लिहिणार? मी नुसता पडून होतो. मग ग्रुपवर सरदाराने हाक दिली: 'लांडगा कुठाय? उद्या नदीपलीकडच्या कळपाशी लढाई आहे.'

लेखिकेने लिहिलं: 'लांडगा दरीत पडला. मागचा डावा पाय मोडला. तो धापा टाकत होता आणि सारखे ओठ चाटत होता. मैत्रीण जवळ आली तेव्हा तो तिला चावला. आपण कोणाला चावलो, हे त्याला नंतर कळलं.'

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा दुखलं. तोवर माझी हाडं म्हणजे नुसती अक्षरं होती.

अस्वल नेहमीच्या तत्परतेने मुळी घेऊन हजर झालं.

'मुळीने हाड जुळत नाही, आत्या,' लेखिकेने लिहिलं.

'मग आधी सांगायचंस. नदी ओलांडून आलेय मी, गुडघ्यांची बोंब असताना.' गुडघे अस्वलाचे की आत्याचे, हे स्पष्ट नव्हतं.

पुढे रोज माझ्या वाट्याला एक-दोन ओळी येऊ लागल्या. 'आज लांडग्याने कूस बदलली.' 'आज त्याने पाणी घेतलं, मांस नाही.' लढाई माझ्याविना झाली आणि आम्ही जिंकलो, हेही मला जरा लागलं. मग एका दुपारी दादा खाली उतरला.

"काय लिहितेस गं हे? कूस बदलली. काल पण कूसच बदलली होती."

"काल डावी होती."

"अगं खेळ आहे हा. मी तर आता तुझं वाचतच नाही, सरळ पुढे जातो."

"जा. माझा लांडगा नाही उठणार इतक्यात."

"खरं हवंय ना तुला? मग खऱ्या जंगलात काय होतं? पाय मोडला की कळप पुढे निघून जातो. तेच लिहितो मी."

खरे लांडगे काय करतात ते मला माहीत नाही. मी कधी एकालाही भेटलेलो नाही. पण दादाने तसं लिहिलं: 'सरदाराने मागे वळून पाहिलं नाही. कळप नदीपलीकडे गेला.' माणसाला वाळीत टाकतात म्हणे. लांडग्याला दोन ओळींत टाकता येतं. त्यानंतर माझ्या गुहेत फक्त अस्वल येत राहिलं. शुभ सकाळ म्हणायचं आणि बसायचं.

लेखिकेने तरी लिहायचं सोडलं नाही. डॉक्टरीणबाई सांगत ते ती माझ्या अंगावर उतरवत होती. एकदा तिने लिहिलं: 'आता दुखत नाही. लांडग्याला वाटतं, आपण बरे झालो. हीच वेळ वाईट. हाड अजून कच्चं आहे. आज पळाला तर पाय जाईल.' त्यावर अस्वलाने फुलाचं चित्र टाकलं. सरदार सरळ पुढे गेला होता.

दोनच दिवसांनी दादा चार्जर परत द्यायला आला. लेखिका आंघोळीला गेली होती, आईबाबा बाहेर होते. टेबलामागे रताळ्या चारही पायांवर उभा होता, भादरलेल्या पायावर नवे केस आलेले, शेपटी जोरात हलत होती.

"बरा दिसतोयस की तू," दादा म्हणाला.

आपल्या भाषेत 'बरा' हा शब्द दोन ठिकाणी नोकरी करतो. 'बरा झाला' म्हणजे दुखणं गेलं. 'बरा आहे' म्हणजे फारसा चांगला नाही, पण चाललंय. या दोन 'बरा'च्या मध्ये रताळ्याची नडगी होती. दादाच्या मनात वाईट काही नव्हतं. कोंडलेल्या जनावराची त्याला दया आली आणि त्याने टेबल बाजूला केलं.

रताळ्या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला, गुळगुळीत फरशीवर वळला, एकदाच तुटक ओरडला आणि खाली बसला.

लेखिका ओल्या केसांनी बाहेर आली. दादा चार्जर हातात घेऊन उभा होता. "मला बरा वाटला गं," तो म्हणाला.

तिने रताळ्याला उचललं नाही की कुरवाळलं नाही. आता तिला ठाऊक होतं. तिने चादर आणली, ओढणी आणली आणि बाबांना फोन लावला.

पट्टी वाकली होती. "दुसरी बसवून बघते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही जमलं तर पाय काढावा लागेल. तीन पायांवरही कुत्रा मजेत जगतो, पण हा पाय वाचला तर बरं." त्या आत गेल्या आणि दार लागलं.

बाकावर दोघं भावंडं शेजारी बसली होती.

"मला सांगायचंस तरी," दादा म्हणाला.

"लिहिलं होतं मी. परवा."

दादाने फोन काढला. दरीपासून सुरुवात केली. धापा, ओठ, चावा, कूस, पाणी, मांस नाही. प्रत्येक ओळीवर तो थांबत होता. इतकं सावकाश मला कोणी कधी वाचलं नव्हतं. 'हीच वेळ वाईट' या ओळीपाशी आला तेव्हा त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला आणि भिंतीकडे बघत बसला. तिने त्याच्या हातातला चार्जर काढून घेतला. तो त्याने दवाखान्यापर्यंत आणला होता.

पाय वाचला. दुसरं दुखणं पहिल्यापेक्षा लांबलं. आता सकाळचा टॉवेल दादाकडे आला. रताळ्या त्याच्यासमोर लाजत नसे. बाबा म्हणाले, "एवढी वर्षं मी पोसला आणि हा तुझं ऐकतो." ग्रुपवर सरदार नदी ओलांडून परत आला आणि गुहेच्या तोंडाशी अंग टाकून पडला. लढाया बंद पडल्या. शत्रूचा कळप कंटाळून गेला असावा, त्यांच्याबद्दल कोणी काही लिहिलं नाही.

शेवटचा फोटो बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुळलंय. पाय थोडा आखूड राहिलाय आणि ताठही. चालेल, थोडा पळेलही. पण पहिल्यासारखा नाही." घरी टेबल उचललं गेलं. रताळ्या लंगडत चार पावलं चालला, सवयीने मागच्या पायाने कान खाजवायला गेला आणि कलंडला. कोणी हसलं नाही. मग तो स्वतःच उठला आणि दारात जाऊन बसला.

त्या संध्याकाळी लेखिकेने लिहिलं: 'लांडगा गुहेबाहेर आला. तो लंगडत होता. आता तो असाच चालणार होता.' मग खाली विचारलं, 'पुढे काय? कळपाबरोबर कसा येईल तो?'

वरच्या मजल्यावर दादा बराच वेळ लिहीत होता, खोडत होता. मग एकच ओळ आली: 'सरदाराने चाल कमी केली.'



मित्रांनो, तुम्हीही कधी असा खेळ खेळाल, लांडगा व्हाल, घार व्हाल, घोडा व्हाल. आम्हाला जखम द्यायची असेल तर खुशाल द्या, त्याशिवाय गोष्टीला रंग चढत नाही हे मी जाणतो. पण दिलीत की पाठ फिरवू नका. आमचे कंटाळवाणे दिवसही लिहा. आम्ही चावलो तर लिहा, लंगडत राहिलो तर तेही लिहा. आपल्याला कुठे दुखतं, हे आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्ही लिहाल तेव्हाच दिसतं. आणि खऱ्या जनावरांचं म्हणाल, तर त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्याजवळ बसून बघावं लागतं.