धरायची पट्टी

माझ्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी मला तपासणीचं पहिलं पत्र आलं. मी आणि माझी थोरली जाऊ, दोघी तेव्हा इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला होतो. खोली तळघरात, धुलाईला लागून. छताखालून वाफेचे पाइप गेलेले, त्यामुळे थंडीतही घाम यायचा. वर वॉर्डात जे फाटेल ते आमच्याकडे उतरायचं. चादरी, पडदे, रोग्यांचे गाऊन.

गाऊनला कमरेशी, उजव्या अंगाला, बांधायचे कापडी बंद असत. ऑपरेशनच्या गाऊनांचे बंद कापड विरेपर्यंत टिकायचे. बायकांच्या तपासणीच्या खोलीतले मात्र सारखे तुटून यायचे. नुसते उसवलेले नाहीत, दोरीसारखे पिळलेले. दुहेरी टाका घातला तरी थोड्या दिवसांत पुन्हा हजर.

“त्या खोलीत बायका कुस्ती खेळतात की काय?” जाऊबाई म्हणायच्या. त्यांच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालायचा. “एकदा वर जाऊन बघितलं पाहिजे.”

वर आम्ही दोघीही कधी गेलो नव्हतो.

पत्र मुलीने वाचून दाखवलं, कारण मला तेव्हा वाचता येत नव्हतं. माझ्या वयाच्या सगळ्याच बायकांना बोलावतात, गर्भाशयाच्या तोंडाशी काही बिघाड होऊ घातला असेल तर आधीच कळतो, थोड्या वेळाचं काम आहे, असं त्यात होतं. एक बाळ तिच्या अंगावर पीत होतं, दुसरं माझ्या मांडीवर.

“जाशील ना गं आई?”

“जाईन की.”

गेले नाही. पहिल्या वेळी बाळांचं निमित्त सांगितलं, दुसऱ्या वेळी गुडघ्याचं. खरं कारण माझी आई. मी लहान असताना पोट दुखतं म्हणून तिला तपासायला नेलं होतं. गेली ती आपल्या पायांनी, धुतलेले कपडे घालून. परत आल्या त्या तिच्या चपला, एका पिशवीत. तिला काय झालं होतं ते आम्हा पोरांना कोणी सांगितलं नाही. तपासलं नसतं तर आई जगली असती, हे माझ्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच. इस्पितळात मी रोज जायचे, पण तळघराच्या दाराने. त्याचं काही वाटायचं नाही. चादरी शिवणं वेगळं.

तिसरं पत्र आलं तेव्हा मुलीने मला काही विचारलं नाही. थेट जाऊबाईंना गाठलं. “मोठ्या काकू, आता तुम्हीच न्या तिला.”

ठरल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जाऊबाईंनी माझ्या मशीनवरचा दिवा घालवला.

“ऊठ.”

“हे पडद्यांचं तेवढं...”

“पडदे कुठे पळून जात नाहीत. पळतेस तू.”

जिन्यात मी पहिल्याच पायरीवर कठडा धरला. “जाऊबाई, पोटात गोळा आलाय हो.”

“बरंच झालं. डॉक्टरांना शोधायला नको. चढ.”

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यात एक मजला चढून झाला.

आत नर्सने गाऊन दिला. मी आधी शिवण बघितली. बंदाचा टाका जाऊबाईंचा होता. त्या शेवटी धागा दोनदा मागे घ्यायच्या. टेबलावर निजले. नर्स प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायची. आता गार लागेल. आता जरा ताण बसेल. श्वास सोडा. मी सोडला की नाही, आठवत नाही. मला ती चपलांची पिशवी दिसत होती.

“दुखतंय का?”

“नाही.”

“मग एवढं ओढताय काय?”

मी मान उचलून बघितलं. बंद माझ्या मुठीत होता. बोटाला करकचून पिळलेला, आणि गाऊनपासून सुटलेला.

“झालं,” नर्स म्हणाली. “उठा.”

“झालं?”

“झालं.”

मी बंद पुढे केला. “हा उद्या लावून देते. खाली आम्हीच शिवतो.”

“तुम्हीच होय त्या!” ती हसली. “मग जरा दणकट करा ना. इथे प्रत्येकीला धरायला काहीतरी लागतं. टेबलाची कड गार असते, आणि माझे हात मला कामाला लागतात.”

बाहेर बाकावर जाऊबाई बसल्या होत्या. बंद मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पीळ बोटाने सावकाश उलगडला.

“म्हणजे कुस्तीच,” त्या म्हणाल्या. “कोण जिंकलं?”

“कळवणार आहेत.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पडद्याच्या जाड कापडाची वीतभर पट्टी कापली, दुहेरी केली, टोकाला गाठ मारली आणि गाऊनच्या कुशीला, हात जिथे पडतो तिथे, चौकटीचा टाका घालून बसवली. मग दुसऱ्या गाऊनला. आमचा मुकादम फिरत आला.

“बंद आहेत ना? मग ही पट्टी कशाला? काय बांधायचं हिने?”

“बांधायचं नाही. धरायचं.”

“कशाला धरायचं?”

“साहेब, तुम्हाला पत्र आलं की सांगते.”

तो पुढच्या मशीनकडे वळला.

निकाल येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता. काही निघालं नाही. ते पत्र मी मुलीकडून दोनदा वाचून घेतलं. मग जाऊबाईंना विचारलं, “तुम्हाला येत नाहीत का पत्रं?”

“येतात. पिठाच्या डब्याखाली ठेवते.”

“म्हणजे?”

“अगं, माझं दुकान कधीच बंद झालंय. आता त्यात काय बघायचंय कोणाला?”

मी त्यांच्या मशीनवरचा दिवा घालवला. त्या कात्री खाली ठेवून उठल्या. जिन्यात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच. बाहेर आल्या तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

“पट्टी टिकली,” एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या तपासणीत बिघाड निघाला. अगदी सुरुवातीचा होता, काढून टाकला. पुढे दर खेपेला त्या माझ्याआधी तयार असायच्या. गाऊन त्या खोलीतून खाली येतच राहिले, पट्ट्या पिळलेल्या, पण जागेवर.

जुळं कॉलेजात गेलं त्या वर्षी हिवाळ्यात जाऊबाई गेल्या. न्यूमोनिया झाला होता; तो जुना बिघाड पुन्हा कधी निघाला नाही.