दोन डब्यांना एकच नंबर

रविवारच्या चहाला फेनाची नणंद आंत्ये आली होती. नेमकं तिच्यासमोरच सासऱ्यांनी, हाब्बोंनी, तोंड उघडलं.

"वरच्या खोलीतला टीव्हीचा डबा, रिसीव्हर, मी काढून आणलाय. ही फेना वायरींशी काहीतरी खेळते नि आमचं खालचं रेकॉर्डिंग मधेच तुटतं. कालची मॅचही गेली."

फेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खेळते? तान्ह्या तोम्माला पाजत ती तासन्‌तास त्या पोटमाळ्यावरच्या खोलीत बसायची. मोठ्या माणसाचा आवाज म्हणून कानावर पडायचा तो त्या टीव्हीचाच.

सासूबाई, गेशेबाई, दुसरा कप ओतायला वाकल्या. फेनानं कुशीतल्या तोम्माला सावरत चमचा सरळ कपात उभा केला. चहा पुरे! तीन कप तरी घ्यायचेच हा इथला रिवाज, आणि तिसऱ्या कपाआधीच! गेशेबाईंचा हात किटलीसकट थबकला. असं या घरात परकं माणूसही करत नसे.

"बाबा, वरचा डबा लावलात कसा?"

"कसा म्हणजे? बैठकीतल्याची सगळी सेटिंग उचलली नि त्यात ओतली. चॅनलांचा क्रम लावायला दोन हिवाळे गेलेत माझे. पुन्हा कोण बसणार?"

"सगळी? नेटवर्कचा नंबरसुद्धा?"

हाब्बोंनी दोन्ही डबे टीव्हीला जोडून एकेक करून बघितले. नंबर तोच. नावही तेच, 'बैठक'.

"रेकॉर्डिंग जातं जिन्याखालच्या डिस्कवर, याच नेटवर्कवरून," फेना म्हणाली. "मी वर टीव्ही लावला की दोन डबे एकाच नंबरावर हक्क सांगणार. दोन घरांना एकच घरनंबर दिलात तुम्ही, आणि टपाल चुकलं की शिव्या मला!"

"जाऊ दे ना, फेना," नवरा पुटपुटला.

"का जाऊ दे, आयलर्ट? महिनाभर ऐकतेय मी!"

हाब्बोंनी वरच्या डब्याच्या नंबरातला शेवटचा आकडा बदलला. "हं. आता चालेल."

"डबा चालेल. माझं काय?"

त्यांचे कान लाल झाले. "बरं बाई, तुझी चूक नव्हती."

"मला नका सांगू. आंत्येला सांगा. तिच्यासमोरच बोललात ना?"

आंत्ये बिस्किटाकडे बघत बसली. हाब्बो खाकरले. "हिची नव्हती. माझी होती."

मग डबा काखेत मारून ते मुकाट्यानं जिना चढू लागले. फेना मागून निघाली. संताप अजून उतरला नव्हता. झोपलेल्या तोम्माच्या मानेखालचा हात तेवढा तिनं हलू दिला नाही.