किलकिले डोळे

उरणच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर जयदेव दिवाळीच्या सुट्टीत तीन चित्रकार दोस्तांबरोबर भीमाशंकरच्या डोंगरात चित्रं काढायला निघाला, तेव्हा त्याची बायको शांतीही हट्टाने बरोबर गेली. चार वर्षांच्या लेकीला, पुतळाला, सासूकडे ठेवायला तिचं मन धजेना. सासूच्या घरामागे खाडी होती.

पायथ्याच्या खांडसहून मुक्काम करत दोन दिवस चढून मंडळी एका सड्यावर, उघड्या खडकाळ पठारावर आली. समोर कडा, पलीकडे निळी दरी. चौघे ओळीने बसले. उन्हात कागद भराभर सुकतो आणि रंगाला डाग पडतात, म्हणून जयदेवने शांतीच्या हाती छत्री दिली. सावली नीट पडायची तर तिला कड्याकडे पाठ करावी लागली.

"अहो, पुतळा कुठाय?"

"आहे ना समोर. फुलं खुडतेय. मी तिकडंच बघतोय की."

शेजारून करीमभाई हसले. "वैनी, आठ डोळं पहाऱ्याला हायत. मास्तरला बीए झालेली छत्रीवाली मिळाली, त्याला जरा मिरवू द्या."

बाकीचे दोघेही हसले. शांती ओशाळली. लाँचमध्ये, ट्रकमध्ये, पायवाटेवर तिने हेच विचारून सगळ्यांना पिडलं होतं. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, पण हळू आवाजात. जयदेवने नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा ओठावर आलेलं तिने गिळलं.

ऊन कलायला लागलं तसे कुंचले भराभर चालू लागले. उजेड जायच्या आत कागद पुरा करायचा होता. चौघेही डोळे किलकिले करून बघत होते. तसं बघितलं की बारीकसारीक सगळं पुसलं जातं; झाड झाड राहत नाही, दगड दगड राहत नाही, नुसता उजेड आणि नुसती सावली उरते.

शांतीने वाकून कागद पाहिला. दरीच्या निळ्यापुढे, कड्याच्या अगदी टोकाला, एक तांबडा ठिपका.

"हे काय?"

"काहीतरी तांबडं दिसलं तिथं," जयदेव मान वर न करता म्हणाला. "निळ्यापुढं हवंच होतं. छान पडलंय ना?"

पुतळाचा परकर तांबडा होता.

छत्री टाकून शांती वळली. कड्यावर कोणी नव्हतं.

ठिपका चौघांच्याही कागदावर होता. करीमभाईंच्या कागदावर कड्यापासून जरा अलीकडे.

करीमभाईच खाली उतरले. बराच वेळ दगड घरंगळल्याचे आवाज येत राहिले. ते पोरीला खांद्यावर घेऊन वर आले तेव्हा तिच्यात जीव नव्हता. अंग तेवढं अजून ऊन होतं.

"मी बघत होतो गं," जयदेव म्हणत राहिला. "नजर काढली नव्हती मी."

शांतीला ते ठाऊक होतं.

उतरताना तिने पोर कोणाला दिली नाही. पहिल्या वळणावर जयदेवने पुढे येऊन हात पसरले. तिने पुतळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि पायाखालची वाट बघत चालू लागली.