दोरवाल्याची केझाया

केझायाने पेटी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. बाहेर बोस्टनच्या गल्लीत हातगाड्यांचा खडखडाट थांबत नव्हता. समोरच्या टेकड्यांवर रातोरात बंडवाल्यांच्या तोफा उभ्या राहिल्या होत्या आणि इंग्रज राजाचं सैन्य शहर सोडून निघालं होतं. राजाशी इमान राखणारे लोकही उत्तरेकडे, राजाच्याच ताब्यातल्या हॅलिफॅक्स बंदराला जाणाऱ्या जहाजांवर चढत होते. केझायाचे वडील इनॉक वॉर्डवेल त्यांतलेच.

"लोकरी मोजे घेतलेस?"

"घेतले, बाबा."

"मग पेटी पुन्हा का उघडतेस?"

तिने झाकण लावलं आणि पुन्हा उघडलं.

इनॉकचा जहाजांसाठी दोरखंड वळायचा कारखाना होता. चहावरच्या कराच्या रागाने लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या, त्याची शिक्षा म्हणून सरकारने बंदरच बंद केलं. जहाजं नाहीत तर दोर कोण घेणार? कामगार घरी बसले. त्यांच्यातलाच एक, केझायाचा नवरा असाहेल, बंदूक घेऊन शहराबाहेरच्या बंडवाल्यांच्या छावणीत गेला. जाताना सासऱ्या-जावयाची चांगलीच जुंपली होती.

"समुद्रापलीकडे बसून कर लादणाऱ्या सभेत आमचा एक माणूस नाही," असाहेल ओरडला होता, "आणि तुम्ही त्या राजाचे गोडवे गाता!"

"राजा नसेल तेव्हा कुणाच्या नावाने बोंबलणार, तेही ठरवून ठेव."

मग शहराला वेढा पडला. केझाया आत, असाहेल बाहेर. हिवाळ्यात जळण संपलं तेव्हा राजाच्याच शिपायांनी कारखान्याच्या फळ्या उचकटून नेल्या. इनॉक दारात उभा राहून नुसता बघत राहिला. त्या दिवशी तो जेवला नाही. पण राजाविरुद्ध शब्द काढला नाही.

धक्क्यावर माणसांची नुसती रेटारेटी चालली होती. केझाया वडिलांचा हात धरून होडीत बसली आणि लगेच उभी राहिली.

"ए बाई, बस खाली! बुडवतेस का सगळ्यांना?" नावाडी खेकसला.

"बाबा, मी नाही येत."

"खुळी झालीस? माझी मुलगी म्हणून हाल करतील तुझे."

"असाहेल इथे आहे."

"जिवंत आहे का, ते तरी ठाऊक आहे?"

"नाही ना! म्हणूनच जाववत नाही."

इनॉकने तोंड फिरवलं. मग शिदोरी सोडून खारवलेल्या मांसाचा मोठा तुकडा तिच्या हातात कोंबला. "घरात काही नाही खायला," एवढंच म्हणाला.

सैन्य गेलं, पण शहरात देवीची साथ होती; म्हणून बंडवाल्यांपैकी ज्यांना देवी येऊन गेल्या होत्या अशांनाच आधी आत सोडलं. केझाया दारातून खिडकीत, खिडकीतून दारात करत होती. व्रणांनी भरलेला असाहेलचा चेहरा गल्लीच्या तोंडाशी दिसला तेव्हा ती पायऱ्या उतरून धावली.

"म्हातारा कुठाय?" त्याने आधी हेच विचारलं.

"गेले. जहाजावर."

असाहेल पायरीवर बसला. "भांडायचं राहिलं होतं त्याच्याशी," तो हळूच म्हणाला.

पळून गेलेल्यांची मालमत्ता नव्या राजवटीने जप्त केली; कारखानाही गेला. असाहेलने पुष्कळ रदबदली केली, तेव्हा निदान तिथे दोघांना मजुरी मिळाली. आता दोर बंडवाल्यांच्या जहाजांना जात. लढाई वर्षानुवर्षं दक्षिणेकडे सरकत राहिली. इनॉक हॅलिफॅक्सच्या थंडीत वारल्याचं एका खलाशाने सांगितलं, तेव्हा राजाने अजून हार मानली नव्हती.

केझाया ताग विंचरता विंचरता मध्येच उठायची, धक्क्यापर्यंत जायची, आणि का आले ते न कळून परत फिरायची.