पूर्वीचे काळेभोर डोळे

चिमुकली पूर्वी जन्मली तेव्हा अख्ख्या अंजूरने तिच्या डोळ्यांचं कौतुक केलं. इतके काळेभोर डोळे गावात कुणाचे नव्हते. पण पोरीला उन्हात नेलं की ती डोळे गच्च मिटून किंचाळायची. खुळखुळा समोर धरला तरी नजर ठरायची नाही, बुबुळं नुसती भिरभिरत राहायची. तिची आई करिष्मा धास्तावली.

भिवंडीच्या डॉक्टरांनी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाहुलीभोवती रंगीत पडदा असतो, तो हिला जवळजवळ नाहीच. म्हणून सगळा डोळा काळा दिसतो, उजेड सोसत नाही. दोष जन्माचा आहे, गुणसूत्रातला. नजर अधूच राहील. आणि ऐका, याच दोषामुळे मूत्रपिंडात गाठ होऊ शकते. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करायची. चुकवू नका."

घरी सासूने, हौसाबाईने, कपाळावर हात मारला. "गिराण पाळलं न्हाईस तू, त्याचं हाय हे!"

ग्रहणात करिष्मा दार लावून बसली होती, सुरीला हात लावला नव्हता. पण सांगणार कुणाला? सासूच्या सांगण्यावरून तिने पोरीला अकलोलीच्या कुंडात न्हाऊ घातलं, वज्रेश्वरीपुढे पदर पसरला. "माझ्या लेकीला नजर दे," एवढं एकच मागणं.

दोनदा सोनोग्राफीत काही निघालं नाही. तिसऱ्या वेळी नवरा वैतागला. हरेश मानकोलीच्या गोदामात सुपरवायझर होता. "दुखणं डोळ्याचं, आणि पोट कशाला तपासत बसायचं? पोर चांगली खाते, खेळते. मला सुट्टी न्हाय."

"मग मी एकटी जाते," करिष्मा म्हणाली आणि पोरीच्या तोंडावर ओढणी टाकून रिक्षात बसली.

तपासणाऱ्या डॉक्टरांचा हात पोटाच्या डाव्या बाजूला थांबला. पुढे गेला, परत तिथेच आला. "ताई, हिचे वडील आलेत का?"

करिष्माने नकारार्थी मान हलवली आणि हरेशला फोन लावला.

गाठ होती, आणि ती कॅन्सरची होती. पोरीचं डावं मूत्रपिंड काढलं. मग औषधं चढवायला लागले तशी पोरीचं जावळ उशीवर पुंजक्यांनी गळू लागलं. हरेश भिंतीला टेकून उभा राहायचा, बायकोच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही.

"मी तुला येऊ देत न्हवतो," एकदा तो पुटपुटला. "तू ऐकलं असतंस माझं तर..."

"आता नका बोलू," ती म्हणाली.

वॉर्डातल्या ट्यूबलाइटने पोर कळवळायची, म्हणून करिष्मा तिच्या डोळ्यांवर तळहात धरून बसायची. मनातलं मागणं बदललं होतं. नजर घे, दोन्ही डोळे घे, पण पोर ठेव. असं मागताना तिला स्वतःचीच शिसारी यायची, तरी ती मागतच राहायची.

एका दुपारी हौसाबाई डबा घेऊन आली. नातीच्या बोडक्या डोक्यावरून तिने हात फिरवला. ग्रहणाचं नाव काढलं नाही. मग हळूच विचारलं, "दुसऱ्या बाजूला तर न्हाय ना व्हायची गं?"

"होऊ शकते, आई. तपासत राहायचं म्हणतात. अजून कितीतरी वर्षं."

हौसाबाईने डबा उघडला, पण त्यातलं कुणीच काही खाल्लं नाही.